कॅलरीमापीचा प्रयोग: आदल्या दिवशीची तयारी

उदासिनीकरणाची उष्णता, म्हणजे आम्ल आणि आम्लारी एकमेकांना निष्प्रभ करताना सुटणारी उष्णता, मोजण्याचा प्रयोग बिघडतो तो बहुतेक वेळा आदल्या संध्याकाळीच. आम्ल आणि आम्लारी एकत्र ओतायला पाच सेकंद पुरतात, पण तापमान वाढतं जेमतेम साडेसहा-सात अंश. त्यातला अर्धा अंश इकडेतिकडे झाला की उत्तरात सात-आठ टक्क्यांची चूक आलीच.

सुरुवात द्रावणांपासून करा, त्यांना रात्रभर वेळ हवा असतो. सोडियम हायड्रॉक्साइड 250 मिलीला 11 ग्रॅम, म्हणजे 1.1 मोलार (लिटरला 1.1 मोल). मुद्दाम जरा जास्त घ्यायचं. त्याचे दाणे हवेतलं पाणी ओढून तोलतानाच चिकट होतात, त्यामुळे त्यांच्या वजनावर फार विसंबता येत नाही. आम्लारी थोडा जास्त ठेवला की आम्ल पूर्ण संपतं आणि सगळं गणित आम्लाच्या मोलवर बसतं. दाणे विरघळताना द्रावण दहा-बारा अंशांनी तापतं. म्हणून हे काम सकाळवर ढकलू नका. बाटली प्लास्टिकची घ्या, काचेचं बूच यात अडकून बसतं.

संहत हायड्रोक्लोरिक आम्ल 22 मिली, 200 मिली पाण्यात हळूहळू सोडा आणि मग 250 पर्यंत भरा. पाण्यात आम्ल, उलट कधीच नाही. वाफा निघतात, तेव्हा खिडकीजवळ किंवा धुराड्याखाली. हे साधारण 1 मोलार होतं. साधारण चालणार नाही, म्हणून सोडियम कार्बोनेटशी मिथिल ऑरेंज हा दर्शक वापरून अनुमापन करा, म्हणजे नेमकी संहती काढा, आणि मिळालेला आकडा बाटलीवरच लिहा. मग दोन्ही बाटल्या आणि शुद्ध पाण्याचा कॅन एकाच टेबलावर ठेवून द्या. साताऱ्यात फेब्रुवारीच्या सकाळी गच्चीवरच्या टाकीचं पाणी आणि खोली यांत काही अंशांचा फरक सहज असतो, आणि तो थेट उत्तरात शिरतो.

आता पेला, म्हणजे आपला कॅलरीमापी: उष्णता मोजायचं भांडं. 2018 पासून राज्यात थर्माकोलचे पेले बंद आहेत, त्यामुळे मोती चौकात ते शोधत फिरू नका. 200 ते 250 मिलीचे दोन कागदी पेले एकात एक बसवा. इलेक्ट्रिकच्या दुकानातून पॅकिंगचा थर्माकोल आणा, त्यात पेल्याच्या मापाचा खड्डा कोरा आणि वर त्याचंच झाकण करा. झाकणाला दोन भोकं पाडा: एक थर्मामीटरला, एक काचेच्या ढवळणीला. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतला तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा कॅलरीमापी इथे आणू नका. ॲल्युमिनियम आम्लातही विरघळतं आणि आम्लारीतही, वर स्वतःची उष्णता सोडतं ती वेगळीच.

थर्मामीटर 0 ते 50 अंशांचा, 0.1 किंवा 0.2 च्या रेघांचा हवा. 110 अंशांचा, एकेक अंशाच्या रेघांचा इथे निरुपयोगी. दोन्ही द्रावणांना एकच वापरा, मध्ये धुवून पुसून. दोन वापरायचेच असतील तर आधी एकाच बीकरमध्ये बुडवून त्यांच्यातला फरक टिपा. फुगा तळाला टेकता कामा नये, आणि थर्मामीटरने ढवळू नका.

पेला स्वतः किती उष्णता गिळतो हे काढल्याशिवाय पुढे जायचं नाही. घाईत नेमकं हेच गाळलं जातं. पेल्यात 25.0 अंशांचं 50 ग्रॅम पाणी आहे, त्यात 40.0 अंशांचं 50 ग्रॅम ओतलं आणि तापमान 32.1 वर थांबलं असं धरा. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापायला 4.18 ज्यूल लागतात. गरम पाण्याने दिले 50 × 4.18 × 7.9 म्हणजे 1651 ज्यूल, गार पाण्याने घेतले 50 × 4.18 × 7.1 म्हणजे 1484. उरलेले 167 पेल्याने घेतले, भागिले 7.1, म्हणजे अंशाला सुमारे 24 ज्यूल. उत्तर ऋण आलं तर गरम पाण्याचं तापमान पारा स्थिर होण्याआधीच वाचलंय किंवा पाणी जास्त ओतलंय. प्रत्यक्ष प्रयोगात, 1.00 मोलार आम्लाचे 50 मिली आणि तितकाच आम्लारी घेऊन 6.5 अंश वाढ मिळाली, तर द्रावणाचे 100 × 4.18 × 6.5 म्हणजे 2717 अधिक पेल्याचे 24 × 6.5 म्हणजे 156, असे 2873 ज्यूल. भागिले 0.05 मोल, म्हणजे 57.5 किलोज्यूल प्रतिमोल. पुस्तकातला आकडा 57.1 च्या आसपास. पेला विसरलात तर 54.3 वर अडकाल.

वहीत तक्ता आधीच आखा: चार मिनिटं दर मिनिटाला, पाचव्याला मिसळायचं, मग दर अर्ध्या मिनिटाला दहाव्यापर्यंत. सर्वोच्च आकडा तसाच उचलू नका, तोवर थोडी उष्णता निसटलेली असते; उतरती रेघ आलेखावर पाचव्या मिनिटापर्यंत मागे न्या. पंखा बंद.

त्याच कॅलरीमापीवर तांब्याची विशिष्ट उष्माधारकता (एक ग्रॅम एक अंशाने तापायला लागणारी उष्णता) काढणार असाल, म्हणजे उकळत्या पाण्याच्या तापमानाला तापवलेले तांब्याचे तुकडे पेल्यातल्या गार पाण्यात टाकणार असाल, तर आणखी दोन गोष्टी. सातारा समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या आसपास उंच. इथे पाणी 100 ला नव्हे, साडेसत्त्याण्णवच्या आसपास उकळतं. 100 धरलंत तर साडेतीन टक्के चूक आयती. यासाठी 110 अंशांचा थर्मामीटर मात्र लागेल. आणि तुकडे थेट उकळत्या पाण्यात नको, कोरड्या परीक्षानळीत घालून ती पाण्यात धरा. 50 ग्रॅम तांब्याबरोबर एक ग्रॅम उकळतं पाणी आलं, तर ते तांब्याच्या उष्णतेच्या पाचव्या भागाहून जास्त उष्णता घेऊन येतं.

फिनॉल्फ्थॅलिनची (आम्लारीत गुलाबी होणाऱ्या दर्शकाची) बाटली टेबलावर असू द्या. उदासिनीकरणाचं प्रत्येक वाचन संपल्यावर पेल्यात एक थेंब टाका. गुलाबी झालं तरच आम्ल पूर्ण संपलं; नाही झालं तर ते वाचन काटा. तीन वाचनांना दोन्ही द्रावणं मिळून 300 मिली लागतात. उरलेलं एका जादा वाचनाला पुरतं.