गटावर आलेला हवामानाचा दावा कसा तपासायचा, आणि दोन्ही पॅनेलचा ठराव कसा करून घ्यायचा

निवडणूक जवळ आली की व्हॉट्सॲप गटावर पावसाचंही राजकारण होतं. ‘हवामान बदल हे थोतांड आहे, आपल्याकडे पाऊस सरासरीइतकाच पडतो’ असा मेसेज आला, तर आधी त्यातला मोजता येणारा भाग वेगळा काढा. ‘थोतांड’ मोजता येत नाही, पाऊस मोजता येतो.

कृषी विभागाच्या महारेन संकेतस्थळावर महसूल मंडळाचा, म्हणजे आसपासच्या काही गावांच्या गटाचा, रोजचा पाऊस मिळतो. वहीत चार रकाने आखा: जून ते सप्टेंबरचा एकूण पाऊस, पावसाचे दिवस (२.५ मिमी किंवा जास्त), ६५ मिमीच्या वरचे दिवस आणि पावसाचा सर्वांत लांब खंड. समजा दोन वर्षी एकूण ८०० मिमीच पडला. एका वर्षी तो ४५ दिवसांत आला, दुसऱ्या वर्षी २८ दिवसांत. बेरीज सारखी, पण पऱ्हाटीला आणि सोयाबीनला दोन्ही वर्षं सारखी नाहीत. मेसेज नेमकी ही बेरीजच दाखवतो. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते, म्हणून पडतो तेव्हा धो धो पडतो.

चूक होते ती इथे: एकाच वर्षावरून निष्कर्ष काढणं, किंवा जिल्ह्याची सरासरी आपल्या वावराला लावणं. हवामानाचा कल सांगायला साधारण ३० वर्षांचे आकडे धरतात. मंडळाची नोंद तेवढी जुनी नसेल, तर ‘अलीकडच्या वर्षांत असं दिसतं’ एवढंच लिहा.

आपल्या बाजूचा मेसेजही याच चाळणीतून काढा. मे २०२४ मध्ये नागपूरच्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दिसले आणि स्क्रीनशॉट सगळीकडे फिरला. यंत्राचा सेन्सर बिघडला होता, असं हवामान खात्याने नंतर सांगितलं. असा एक आकडा खोटा निघाला की बाकीचं खरंही कुणी ऐकत नाही.

सर्वांत चिवट असतं अर्धसत्य. भारताचं दरडोई उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे, हे खरं. ‘म्हणून आपण काही करायचं नाही’ हे त्यातून निघत नाही. शेततळं जगासाठी खोदायचं नसतं, ऑगस्टच्या खंडात आपली तूर वाचवायला खोदायचं असतं. अकोला-अमरावतीकडच्या खारपाणपट्ट्यात तर विहिरीचं पाणीच खारं, तिथे हा वाद घालायलाही फुरसत नाही.

उत्तर देताना मूळ मेसेज पुन्हा फॉरवर्ड करू नका, वहीच्या पानाचा फोटो टाका. पाठवणारा वयाने मोठा असेल तर गटावर खोडून काढण्याआधी फोन करा: ‘काकाजी, आपल्या मंडळाचे आकडे काढलेत, पाहता का?’ चारचौघांत खोटा पडलेला माणूस ग्रामसभेत हमखास विरोधात बसतो.

आकडे पटले की शेततळ्यासारख्या कामाचा ठराव ग्रामसभेत न्या. ग्रामपंचायतीची निवडणूक पक्षचिन्हावर नाही, गावातल्या पॅनेलमध्ये होते, याचा फायदा घ्या. सभेची सूचना सात दिवस आधी निघते. त्याआधीच ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी अर्ज देऊन विषय विषयपत्रिकेवर आणा. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतला कमी आकडा लागतो. सूचक एका पॅनेलचा, अनुमोदक दुसऱ्या पॅनेलचा ठेवा. ही दोन नावं आधीच्या रात्री पक्की करा, सभेत शोधू नका. ठरावात ‘हवामान बदल’ यावर मत मागू नका. जमिनीचा गट क्रमांक, काम, निधी कुठून आणि मुदत एवढंच लिहा.

कुणी ‘हा त्यांच्या पक्षाचा विषय’ म्हणालंच, तर ही यादी वाचा: हवामान बदलाचा राष्ट्रीय कृती आराखडा २००८, मनमोहन सिंग सरकार. हवामानाच्या पॅरिस कराराला मान्यता २०१६, मोदी सरकार. पोकरा (हवामान बदलाला तोंड देणाऱ्या शेतीचा राज्याचा प्रकल्प) २०१८, फडणवीस सरकार. माझी वसुंधरा हे राज्याचं पर्यावरण अभियान २०२०, ठाकरे सरकार. सरकार बदललं तरी अभियान चालू राहिलं.

बहुतेक ठराव श्रेयावरून फसतात. कामाच्या फलकावर फक्त ग्रामसभा, ठराव क्रमांक आणि तारीख राहील, हे ठरावातच लिहून घ्या. इतिवृत्ताची नक्कल त्याच आठवड्यात मागा आणि दोन्ही पॅनेलच्या एकेका माणसाकडे प्रत द्या.