खडक कशानं अडतो? फॉल्ट आणि थ्रस्ट शिकायला सुरुवात करणाऱ्यांसाठी

संरचनात्मक भूविज्ञानाचं पहिलं वर्ष मी नावं पाठ करण्यात घालवलं. फॉल्ट म्हणजे खडकातली अशी भेग, जिच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकलेल्या असतात. नॉर्मल फॉल्ट (वरची बाजू खाली घसरते), रिव्हर्स फॉल्ट (वरची बाजू वर चढते), थ्रस्ट (कमी उताराचा रिव्हर्स), स्ट्राइक-स्लिप (बाजू आडव्या सरकतात). प्रत्येकाची आकृती, कुठला बाण वर, कुठला खाली. परीक्षेत मार्क चांगले पडले. मग पहिल्या फील्डवर्कला एक थर फॉल्टच्या अलीकडे-पलीकडे चाळीसेक मीटर सरकलेला दिसला आणि मी वहीत लगेच ‘स्ट्राइक-स्लिप’ लिहून टाकलं. मॅडम काही बोलल्या नाहीत. मला फॉल्टच्या उघड्या प्रतलापाशी नेलं आणि त्यावरून हात फिरवायला सांगितला. घासून गुळगुळीत झालेल्या त्या पृष्ठावरच्या रेघा जवळजवळ सरळ खाली उतरत होत्या. खडक उभा सरकला होता. थर मुळातच तिरपा, त्यात वरचा भाग झिजून गेलेला; त्यामुळे उभं सरकूनही तो बाजूला गेल्यासारखा दिसत होता.

नकाशावर दिसतं ते सरकण्याचं एका सपाटीवर उमटलेलं चित्र असतं. खडक खरोखर कुठल्या दिशेनं गेला हे प्रतलावरच्या रेघा सांगतात. त्या मिळाल्या नाहीत तर वहीत प्रश्नचिन्ह घालून पुढे जा; ते चुकीच्या नावापेक्षा केव्हाही बरं.

नावांमागचं गणित मला त्यानंतर कळलं, आणि ते आधी कळायला हवं होतं असं आजही वाटतं. स्कॉटिश भूवैज्ञानिक ई. एम. अँडरसन यांनी 1905 मध्ये मांडलेला विचार फार साधा आहे. जमिनीच्या पृष्ठभागाला वरून हवा किंवा पाणी टेकलेलं असतं आणि ते खडकाला बाजूनं फरफटत नेऊ शकत नाही. म्हणजे पृष्ठभागावर कर्तन प्रतिबल, म्हणजे पृष्ठाला समांतर फरफटवणारा ताण, जवळपास शून्य. मग तीन मुख्य प्रतिबलांपैकी (एकमेकांना काटकोनात असलेले, कर्तन नसलेल्या दिशांतले दाब) एक उभं आणि दोन आडवी असणं भाग आहे. सर्वांत मोठं प्रतिबल उभं असेल तर नॉर्मल फॉल्ट, सर्वांत लहान उभं असेल तर थ्रस्ट, मधलं उभं असेल तर स्ट्राइक-स्लिप.

कर्तन सर्वाधिक असतं ते मोठ्या प्रतिबलाशी 45 अंशांवर. पण त्या प्रतलावर दाबही बराच पडतो आणि घर्षण वाढतं. म्हणून खडक तडजोड करतो आणि साधारण 30 अंशांवर तुटतो. नॉर्मल फॉल्ट 60 अंशांच्या आसपास उतरतात आणि थ्रस्ट 30 च्या आसपास, ते यामुळे. मोहरचं वर्तुळ (कुठल्या कोनाच्या प्रतलावर किती दाब आणि किती कर्तन, हे दाखवणारी आकृती) हातानं काढून हे एकदा पडताळून पाहा. मी कंपास आणि आलेखकागद घेऊन दोन संध्याकाळी बसलो होतो. त्यानंतर पाठ करण्यासारखं फार उरलं नाही.

मात्र थ्रस्ट एवढ्यावर सुटत नाही. स्वित्झर्लंडमधल्या ग्लारुस परिसरात पर्मियन काळातले खडक इओसीन काळातल्या खडकांवर बसले आहेत, म्हणजे वीस कोटींहून अधिक वर्षांनी जुने खडक वर आणि तरुण खाली. डोंगराच्या कड्यावर ती सीमा पट्टीनं आखल्यासारखी दिसते. स्विस भूवैज्ञानिक आल्बर्ट हाइम यांनी तिथे दोन मोठ्या वळ्या (थरांच्या घड्या) समोरासमोर आल्याचं म्हटलं होतं. 1884 मध्ये फ्रेंच भूवैज्ञानिक मार्सेल बर्त्राँ यांनी, स्वतः तिथे न जाता, हाइम यांच्याच वर्णनांवरून एकच मोठा थ्रस्ट सुचवला आणि तोच पुढे बरोबर ठरला. त्या प्रतलावरून खडक 30 किलोमीटरहून अधिक सरकले, आणि प्रतल बऱ्याच ठिकाणी जवळजवळ आडवं आहे.

इथे वही उघडा. काही किलोमीटर जाड आणि 100 किलोमीटर लांब असा खडकाचा सलग पत्रा मागून ढकलायचा आहे. तळाचं घर्षण म्हणजे घर्षणगुणांक गुणिले वजन. ते मागच्या उभ्या तोंडाच्या क्षेत्रफळानं भागलं की जाडी दोन्हीकडून कटते आणि उरतं: घर्षणगुणांक × घनता × गुरुत्व त्वरण × लांबी. गुणांक 0.6 आणि घनता 2,600 किलोग्रॅम प्रति घनमीटर धरली तर उत्तर येतं सुमारे 1,560 मेगापास्कल. ग्रॅनाइटचा चांगला नमुना प्रयोगशाळेत 200 च्या आसपास चुरडतो. खोलवर चारही बाजूंनी दाब असल्यानं खडक जास्त सोसतो, पण इतकं नाही. पत्रा हलायच्या आधी मागचं टोकच मोडेल.

हे उत्तर आलं तेव्हा बेरीज चुकली असं समजून मी तीनदा तपासलं. बेरीज बरोबर होती. माझं सगळं लक्ष ढकलणाऱ्या बळाकडे होतं. अडवतंय कोण, हे मी विचारलंच नव्हतं.

अमेरिकन भूवैज्ञानिक किंग हबर्ट आणि विल्यम रुबी यांनी 1959 मध्ये नेमकं तेच विचारलं. खडकाच्या छिद्रांत पाणी असतं आणि ते वरचं वजन अंशतः पेलतं, त्यामुळे घर्षण उरलेल्या वजनापुरतंच लागतं. छिद्रांतल्या पाण्याचा दाब नेहमीइतका, म्हणजे वर तेवढ्याच उंचीचा पाण्याचा स्तंभ असल्याइतका असेल तर वरचं उत्तर सुमारे 960 पर्यंत उतरतं, तेवढं पुरत नाही. पण शेलसारख्या न झिरपणाऱ्या थराखाली पाणी कोंडलं आणि त्यानं 90 टक्के वजन पेललं, तर 156. आता पत्रा हलू शकतो. तेलविहिरी खोदताना इतके चढे दाब खरोखर सापडतात.

याचा एक प्रयोग त्यांनीच दाखवला होता. धातूचा रिकामा, एका बाजूनं उघडा डबा थंडगार करून ओल्या काचेवर पालथा ठेवायचा. आतली हवा तापून फुगते, डब्याला किंचित उचलते, आणि जेमतेम एक अंशाच्या उतारावरही डबा घसरतो. नक्की करून पाहा.

पाणी हे एकमेव उत्तर मानू नका. मिठाचे किंवा चिकणमातीचे थर मुळातच कमजोर असतात. पत्रा सगळा एका वेळी सरकत नाही, तुकड्यातुकड्यानं सरकतो. शिवाय बुलडोझरपुढे माती साचावी तसा मागे जाड, पुढे निमुळता पाचराचा आकार तयार होतो. 1983 मध्ये डेव्हिस, सप आणि डालेन यांनी तैवानचा पर्वत याच गणितानं समजावला.

कामाच्या बाजूनं थोडं. सॉफ्टवेअर नंतर येतं, आधी ट्रेसिंग पेपरवर स्टिरिओनेट (प्रतलं आणि रेघांच्या दिशा कागदावर मांडायची गोल जाळी) शिका. छेद (जमीन उभी कापल्यावर दिसेल ते चित्र) काढला की थरांची लांबी मोजा आणि सरकलेले तुकडे परत जागेवर बसतात का ते बघा. न बसले तर छेद चुकला आहे. बोगदे, धरणं, भूकंपाचा धोका, भूऔष्णिक विहिरी, सगळीकडे हे लागतं. माझ्या पहिल्या नोकरीत मला विचारलेला पहिला प्रश्न होता की या विहिरीत किती दाबानं पाणी सोडलं तर शेजारचा फॉल्ट हलेल. मी वहीत तेच समीकरण लिहून सुरुवात केली, वजनातून पाण्याचा दाब वजा करून.