कॉलेज टीमचा कोच असाल तर बिघडलेल्या प्लेअरचं करायचं काय

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलबद्दल बोलतोय, म्हणजे ते हेल्मेट घालून खेळतात तो. एकेका टीममध्ये शंभरेक पोरं, वयं अठरा ते बावीस-तेवीस, आणि मोठ्या युनिव्हर्सिट्यांत हेड कोचचा पगार प्रेसिडेंटपेक्षाही जास्त, त्यामुळे कोचला हळूहळू वाटायला लागतं की पोरगा काहीही करून आला तरी निवाडा आपणच करायचा. घोळ तिथेच होतो.

म्हणून आधी बघायचं की प्रकरण तुमचं आहे का. प्रॅक्टिसला उशीर, क्लासला दांडी, लॉकर रूममधली मारामारी, उलट बोलणं हे तुमचं. मुलीवर हात उचलला, जबरदस्तीची तक्रार आली, हत्यार सापडलं, हे तुमचं नाहीच, त्याच दिवशी युनिव्हर्सिटीच्या टायटल नाईन ऑफिसला (लैंगिक छळाच्या तक्रारी बघणारं खातं) किंवा जिथलं असेल तिथे कळवा आणि पोलिसांच्या मधे येऊ नका. पोराला केबिनमध्ये बसवून "खरं काय ते सांग" अशी चौकशी नको, आणि त्या मुलीला किंवा तिच्या आईवडिलांना भेटायला तर अजिबात जाऊ नका. बेलर युनिव्हर्सिटीत २०१६ ला हेच बाहेर आलं, फुटबॉलवाल्यांनी आपलं वेगळंच शिस्तखातं चालवलेलं, तक्रारदारांना परस्पर भेटून तक्रार पुढे पाठवलीच नव्हती. कोच आर्ट ब्राइल्सची नोकरी गेली, केन स्टारलाही प्रेसिडेंटपदावरून काढलं.

जे तुमच्या हातात आहे त्याचे नियम सीझन सुरू व्हायच्या आधी कागदावर द्या, आणि थोडेच द्या, पन्नास नियम कोणी वाचत नाही. शिक्षा ठरवताना स्वतःला विचारा, हेच एखाद्या बेंचवरच्या पोराने केलं असतं तर मी काय केलं असतं? आणि ठरवलं की बदलू नका. २०१४ ला फ्लोरिडा स्टेटने आपला क्वार्टरबॅक, म्हणजे टीमचा मुख्य बॉल फेकणारा प्लेअर, जेमिस विन्स्टनला कॅम्पसमध्ये अचकट विचकट ओरडल्याबद्दल आधी अर्ध्या मॅचपुरतं बाहेर बसवलं, मग बोंबाबोंब झाल्यावर पूर्ण मॅच, आणि साहेब तरी पॅड-बिड चढवून वॉर्मअपला हजर, कोचने कपडे बदलायला परत पाठवलं. शिक्षा नीट समजावून सांगितली नाही की असं हसं होतं.

पळवणं, पायऱ्या चढवणं ही शिक्षा म्हणून देऊ नका, एनसीएए म्हणजे कॉलेज खेळांची देशपातळीवरची संस्था, तिच्या सूचनांतही तसंच आहे, उन्हात पोरगं कोसळलं तर तुम्ही कुठे जाणार?

लांबचं सस्पेन्शन असेल तर परत यायचा रस्ता दाखवा. २००९ ला ओरेगनच्या लेगॅरेट ब्लाउंटने मॅच संपल्यावर बॉइझी स्टेटच्या प्लेअरला टीव्हीसमोर ठोसा लगावला, चिप केलीची हेड कोच म्हणून ती पहिलीच मॅच, त्याने दुसऱ्या दिवशी ब्लाउंटला सीझनभर बाहेर बसवलं. पण स्कॉलरशिप ठेवली, प्रॅक्टिसला येऊ दिलं, अभ्यासाच्या आणि वागण्याच्या अटी घातल्या, त्या पाळल्यावर नोव्हेंबरमध्ये परत घेतलं. पोरगा पुढे एनएफएलमध्ये, म्हणजे प्रोफेशनल लीगमध्ये, तीन सुपर बोल (तिथली फायनल) जिंकला. माझ्या मते असं करावं.

पण हाच हिशोब सगळीकडे लावू नका. १९९५ ला नेब्रास्काच्या लॉरेन्स फिलिप्सने आधीच्या गर्लफ्रेंडला मारहाण केली, तीही त्याच युनिव्हर्सिटीतली. कोच टॉम ऑस्बोर्नने सहा मॅच बाहेर ठेवून परत घेतलं, म्हणणं असं की लहानपण ग्रुप होममध्ये गेलेल्या या पोराला फुटबॉलच धरून ठेवतोय, तो काढला तर संपलंच. मला तो माणूस खोटं बोलत होता असं वाटत नाही. पण या हिशोबात ती मुलगी कुठेच नाही, तिला त्याच गावात राहून दर शनिवारी सगळं स्टेडियम त्याच्यासाठी ओरडताना ऐकायचंय. नेब्रास्काने फायनलमध्ये फ्लोरिडाला ६२-२४ ने धुतलं, फिलिप्स खेळला, त्यामुळे कोचचं म्हणणं कितीही मनापासूनचं असलं तरी लोकांना दिसली ती ट्रॉफीच. फिलिप्स पुढे एनएफएलमध्येही टिकला नाही, २०१६ ला कॅलिफोर्नियाच्या तुरुंगात वारला. पोराला मदत करायचीच तर काउन्सेलर द्या, ट्यूटर द्या, जर्सी न देताही हे सगळं देता येतं.

काढायचंच ठरलं तर पेपरवाल्यांच्या आधी त्याला तोंडावर सांगा, मग घरच्यांना फोन करा. आणि पुढच्या कॉलेजचा कोच विचारेल तेव्हा काही लपवू नका, बेलरमध्येच दुसरीकडून आलेल्या एका प्लेअरवरून दोन कोचमध्ये जाहीर वाजलं होतं की कोणी कोणाला काय सांगितलेलं, तेव्हा फोन ठेवला की लगेच ईमेलही टाकून ठेवा, एक कॉपी ऍथलेटिक डिरेक्टरला, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या खेळ विभागाच्या प्रमुखाला.