रेस कुठली धरायची?
साताऱ्यात पळताय म्हणजे पहिली रेस हिल हाफ मॅरेथॉनच, असं सगळे म्हणतात, पण माझं ऐका, आधी सपाट रस्त्यावरची एखादी १० किमी करा. हिल हाफ २१ किमीची, जाताना यवतेश्वरचा घाट दम काढतोच पण खरा मार परतीच्या उतारावर बसतो, मांड्या पार भरून येतात, म्हणून उतार पळायचा पण सराव हवाच हवा. जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन, म्हणजे ४२ किमी, करायची असेल तर पावसाळा संपला की लाँग रन, म्हणजे लांब पल्ल्याचा सराव, सुरू करा, तिथं हवा दमट आणि नेमका शेवटच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ. वर्षाला मोठ्या रेस दोनच बास. फी भरायच्या आधी कटऑफ टाइम (किती वेळात रेस संपवावी लागते ते) आणि पाण्याचे पॉइंट नीट बघून घ्या.