चामड्याची हातशिलाई: हत्यारं घेताना या चुका टाळा

शिलाई वेडीवाकडी आली की बहुतेक जण हाताला दोष देतात आणि सराव वाढवतात. सरावाने हात बसतो, यात शंका नाही. पण छिद्र मोठं, दोरा बारीक आणि सुई जाड असेल, तर कितीही सराव केला तरी टाका बसणार नाही. एकेक हत्यार चांगलं असून भागत नाही, ती एकमेकांना जुळावी लागतात. माझ्या मते निम्मी गडबड इथेच होते.

दोरा आणि टाक्याचं अंतर जुळत नाही

आधी मिळेल ती चिझल (ठोकून एका ओळीत छिद्रं पाडणारं दातेरी हत्यार) घ्यायची, मग घरात असेल तो दोरा ओवायचा, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. वस्तू कोणती ते आधी ठरवा. पाकिटासारख्या बारीक कामाला 3 ते 3.5 मिमी अंतर शोभतं, पिशवीला 4 मिमीच्या आसपास, जाड पट्ट्याला 5 मिमीपर्यंत. त्यावरून दोरा ठरतो: 3 मिमीला साधारण 0.45 ते 0.5 मिमी जाडीचा, 4 मिमीला 0.6, 5 मिमीला 0.8. 3 मिमी अंतराच्या छिद्रांत 1 मिमीचा दोरा ओढला की टाके एकमेकांना खेटून फुगतात आणि त्यांचा तिरकेपणा पार नाहीसा होतो.

उलटं झालं तर दोऱ्याच्या दोन्ही बाजूंना छिद्र उघडं दिसतं. पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचे रुंद दाते असलेल्या चिझलमध्ये हा त्रास जास्त. बारीक दोऱ्यासाठी अरुंद, तिरक्या चिरेसारखे दाते घ्या. अशी चीर दोऱ्याभोवती पुन्हा मिटते.

दाते मोजताना होणारी चूक

सहा दात्यांच्या 4 मिमी चिझलमध्ये पहिल्या टोकापासून शेवटच्या टोकापर्यंत 20 मिमी भरायला हवेत, 24 नव्हे, कारण दाते सहा असले तरी मधली अंतरं पाचच. काही ठिकाणी दोन दात्यांमधली मोकळी जागाच अंतर म्हणून सांगितली जाते, म्हणून घेतल्यावर पट्टीने मोजून पाहा.

वळणासाठी लागणारी दोन दात्यांची चिझल त्याच संचातली असू द्या. एक 3.85 मिमीची आणि दुसरी 4 मिमीची असेल, तर एका टाक्यात 0.15 मिमीचा फरक डोळ्याला दिसत नाही. वीस टाक्यांत तो 3 मिमी होतो आणि समोरासमोरच्या कडांची छिद्रं जुळत नाहीत. पडीक तुकड्यावर मोठ्या चिझलने छिद्रं पाडा आणि त्यांतच लहान चिझल टेकवून बघा. लगेच कळतं.

चिझल आणि प्रिकिंग आयर्न एकच समजणं

पारंपरिक प्रिकिंग आयर्न फक्त खूण उमटवायला असतं, छिद्र नंतर आरीने पाडायचं. तेच जाड चामड्यात ठोकून आरपार घातलं की रुतून बसतं. मग ते डावी-उजवीकडे हलवून काढताना दाते वाकतात. चिझलही रुतली तर हलवू नका. दात्यांच्या अगदी लगत चामडं बोटांनी दाबून धरा आणि सरळ वर ओढा. दात्यांना आधीच थोडं मधमाशांचं मेण लावलं तर निम्मं काम हलकं होतं.

दाते टोकाकडे निमुळते असतात, त्यामुळे जाड थरांत पुढचं छिद्र मोठं आणि मागचं लहान पडतं. अशा कामात चिझल अर्धीच ठोका, उरलेलं आरीने पूर्ण करा. आरीची पाती मात्र धारदार आणि चकचकीत हवी. नवी आरी बऱ्याचदा बोथटच येते. ती जोर लावून घुसवावी लागली तर हात घसरतो आणि मागची ओळ नागमोडी होते.

सुई

टोकदार सुई इथे नकोच. दोऱ्याच्या दोन्ही टोकांना एकेक सुई असते, एकाच छिद्रातून त्या दोन्ही जातात, आणि टोकदार सुई आधी गेलेल्या दोऱ्यात घुसून तो फाडते. बोथट टोकाची हार्नेस सुई घ्या. यांत आकडा वाढला की सुई बारीक होते: 0.6 मिमी दोऱ्याला 4 नंबर चालतो, 0.8 ला 2 नंबर. प्रत्येक टाक्याला पक्कड लागत असेल तर सुई जाड आहे, नाहीतर नेढ्यापाशी दुमडलेला दोरा जाड होतोय. दोऱ्याचं टोक पात्याने हलकेच खरवडून निमुळतं करा, मग ओवा.

बाकीच्या गोष्टी

लोखंडी हातोड्याने चिझलचं डोकं पसरतं. नायलॉनची किंवा कच्च्या चामड्याची मोगरी वापरा. खाली घट्ट प्लास्टिकचा ठोकळा ठेवा. मऊ रबर घाव गिळतं, दगड दात्यांची टोकं मोडतो. कडेची रेघ मारायला स्क्रू घट्ट राहणारा डिव्हायडर हवा. पातळ चामड्यावर ग्रूव्हर (शिलाईसाठी चर कोरणारं हत्यार) टाळा, तो वरचा मजबूत थरच खरवडून काढतो.

पुढून टाके तिरके आणि मागून सरळ येत असतील, तर नवं हत्यार घेऊ नका. प्रत्येक छिद्रात आधी कोणती सुई जाते आणि दुसरी पहिल्या दोऱ्याच्या कोणत्या बाजूने येते, हा क्रम बदलतोय का ते तपासा. छिद्रं मागे रेघेबाहेर पडत असतील, तर चिझल उभी धरली जात नाहीये. ठोकण्याआधी डोळे तिच्या पातळीला आणून बाजूने बघा.