कर्णा बंद करून बघा: चित्रातून गोष्ट सांगताना या चुका टाळा

बेळगावच्या वडगावात आमच्या माडीवर रविवारी सात-आठ पोरं जमतात. कुणी मोबाइलवर शूट करतं, कुणी जुन्या लॅपटॉपवर ॲनिमेशन. खाली शेजारच्यांचे माग चालू असतात, त्यामुळं बोलणं कमी आणि दाखवणं जास्त, हे आपसूकच होतं.

मागच्या पावसाळ्यात एकानं तीन मिनिटांची फिल्म आणली. विषय सरळ होता: थोरला भाऊ मराठा लाइट इन्फंट्रीत भरती होतो आणि घरातून निघतो. मी आवाज बंद केला आणि शेजारच्या काकूंना वर बोलावलं. त्या कन्नड घरातल्या. शेवटपर्यंत नीट बघून त्यांनी हळूच विचारलं, "यार सत्तार?" म्हणजे, कोण वारलं?

पोरगं रडकुंडीला आलं. "असं कसं ओ काकू, भरती झालाय की तो!"

चूक कुठं होती? आई मान खाली घालून बसलेली, मग भिंतीवरचा आजोबांचा हार घातलेला फोटो, मग उंबऱ्याशी रिकाम्या चपला. सुटे सुटे बघितले तर तिन्ही शॉट चांगले. पण शॉटला शॉट लागला की मधला अर्थ बघणारा स्वतः जोडतो, आणि त्यासाठी त्याला बोल लावता येत नाही. लेव कुलेशोव या रशियन दिग्दर्शकानं साधारण शंभर वर्षांपूर्वी हेच करून दाखवलं. एका नटाचा एकच निर्विकार चेहरा त्यानं एकदा सूपाच्या बशीला जोडला, एकदा शवपेटीला. लोकांना आधी भूक दिसली, मग दुःख. चेहरा तोच होता. आमच्या पोरानं हाराचा फोटो काढून टाकला आणि तिथं काळी पत्र्याची ट्रंक घातली, पांढऱ्या रंगात नाव घातलेली. फौजी घर बघितलेल्या माणसाला ती ट्रंक पुरते, नाव वाचायचीही गरज नाही.

गोष्ट कर्ण्यावर सोडू नका

माझ्या मते नव्या पोरांची ही सगळ्यात मोठी खोड. बेळगावच्या शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक ज्यानं रात्रभर उभं राहून बघितली आहे, त्याला हे वेगळं समजवायला नको. ट्रॉलीवर पोरं वेश करून उभी असतात, संवाद कर्ण्यावर वाजत असतात. पुढच्या मंडळाचा ढोल आणि मागच्याची डॉल्बी यांच्यामध्ये ते संवाद पार बुडून जातात. गर्दीतल्या माणसाकडं उरतात ते फक्त आकार. अफजलखानाची भेट दाखवताना दोघं एकमेकांना घट्ट मिठी मारून उभे राहिले, तर रस्त्यावरून एकच गठ्ठा दिसतो. महाराज कोण आणि खान कोण, काही पत्ता नाही. तेच खान आडदांड, महाराज किंचित मागं रेललेले, दोघांमध्ये वीतभर उजेड आणि खानाचा कट्यारीचा हात मोकळ्या आभाळावर उचललेला ठेवला, की बापाच्या खांद्यावर बसलेलं पोरही ओरडतं.

ॲनिमेशनवाले याला सिल्हूट बघणं म्हणतात. आपली आकृती पूर्ण काळी भरायची आणि बघायचं, काय चाललंय ते कळतं का? निपाणीच्या एका मुलीनं विडी वळणारी आई काढली होती. चित्र देखणं, पण समोरून काढलेलं. काळं भरल्यावर हात, मांडीवरचं सूप, सगळं अंगात विरघळलं आणि नुसतं बसलेलं एक ढेकूळ उरलं. बाजूनं काढल्यावर पाठीचा बाक, सूप आणि पुढं आलेली बोटं, तिन्ही सुटी दिसली. बोटांची सफाई दाखवायची तर त्यासाठी वेगळा क्लोजअप लागतोच. एका चौकटीत सगळं कोंबायचा हट्ट नको.

निवेदनाचंही तसंच. "त्याच्या मनात वादळ उठलं होतं" असं मागून सांगायचं आणि समोर पोरगा बाकावर बसलेला! त्यापेक्षा त्याच्यापुढं चहा ठेवा, साय धरेपर्यंत त्यानं हात लावलेला नाही असं दाखवा. वाक्य खोडा.

आपल्या भागात आणखी एक खड्डा आहे. चिठ्ठी, पाटी, मोबाइलवरचा मेसेज, यांवर गोष्टीची कळ ठेवली की प्रेक्षकांतल्या काहींना ती कळतच नाही. मराठी चिठ्ठी असली तर कन्नड वाचणारे अडतात, कन्नड पाटी असली तर उलटं. पाटी असू दे, पण तिच्यावाचूनही गोष्ट पुढं सरकली पाहिजे. एका शॉर्ट फिल्ममध्ये बदलीचा कागद आला होता. तो वाचून दाखवण्याऐवजी घरातल्या बाईनं भिंतीवरचं कॅलेंडर काढून गुंडाळलं, एवढंच ठेवलं. पुरलं.

स्टोरीबोर्ड म्हणजे चित्रकलेची परीक्षा नव्हे

शूटिंगच्या आधी एकेक शॉट ओळीनं कागदावर काढून घेतात, तो स्टोरीबोर्ड. त्यात शेडिंग करत आठवडा घालवू नका. सुंदर काढलेली चौकट टाकून द्यायला हात धजत नाही, आणि स्टोरीबोर्डमधल्या निम्म्या चौकटी टाकण्यासाठीच असतात. काड्यांची माणसं काढा. चौकट मात्र 16:9 च्या मापातच आखा, म्हणजे रुंदी 16 तर उंची 9. वहीच्या उभ्या पानावर जमलेली रचना आडव्या पडद्यावर ढासळते. आपल्या शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर मूकपटाच्या काळात पोशाख, पात्रं, हालचाली आधी कागदावर काढून घेत. ते तर कसलेले चित्रकार होते, तरी त्या रेखाटनांचं काम पडद्यासाठी तयारी करण्याचं होतं.

वेळेचा अंदाज चुकतो तो याच टप्प्यावर. आपल्याला शॉटमध्ये काय आहे ते माहीत असतं, म्हणून आपण तो लवकर कापतो. बघणाऱ्याचा डोळा अजून शोधत असतो. म्हणून चौकटी मोबाइलच्या एडिटिंग ॲपमध्ये लावून, कच्चा आवाज टाकून ॲनिमॅटिक करा आणि मगच पुढचं काम. ॲनिमेशनमध्ये सेकंदाला 24 फ्रेम, एकेक चित्र दोन फ्रेम धरलं तरी सेकंदाला 12 चित्रं. म्हणजे दहा सेकंदांचा फालतू शॉट ॲनिमॅटिकमध्ये कापलात तर 120 चित्रं वाचली.

झूम करू नका, चालत जवळ जा. त्याच माणसाचे दोन शॉट सलग घेताना कॅमेरा निदान 30 अंश तरी सरकवा, नाहीतर माणूस जागच्या जागी उडी मारल्यासारखा दिसतो. आणि गोकाकचा धबधबा घेताना माणूस किंवा झुलता पूल चौकटीत ठेवा. 52 मीटरची ती धार मापाला काही नसलं तर नळाच्या पाण्याएवढी दिसते.

गाडी परत का फिरली?

भरतीच्या त्याच फिल्ममध्ये शेवटी भाऊ खानापूरकडून येणाऱ्या बसमधून बेळगावला निघतो. पहिल्या शॉटमध्ये बस डावीकडून उजवीकडं जाते. पुढच्या शॉटसाठी पोरगं रस्ता ओलांडून पलीकडं उभं राहिलं, का तर तिकडं ऊन चांगलं होतं. पडद्यावर बस उजवीकडून डावीकडं आली. बघणाऱ्याला वाटणार, गडी विचार बदलून घरी परतला.

गाडीच्या वाटेवर एक रेघ कल्पायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला, 180 अंशांत ठेवायचा, हा नियम त्याला पाठ होता. उन्हापुढं विसरला. मग त्यानं तोडगा काढला: एडिटिंगमध्ये शॉट आरशासारखा उलटा केला. दिशा जमली, पण बसची पाटी उलटी झाली, कंडक्टरचा खिसा उजवीकडं गेला आणि निरोप द्यायला आलेल्या मावशीचा पदर उजव्या खांद्यावर. आमच्या काकूंनी पदर पहिल्याच झटक्यात धरला.

यावर खरा उपाय म्हणजे मध्ये एक तटस्थ शॉट: गाडी थेट समोरून अंगावर येताना, किंवा पाठमोरी जाताना. त्यात डावं-उजवं नसतं, म्हणून त्यानंतर बाजू बदलली तरी डोळा भांबावत नाही. त्या शॉटसाठी पोराला पुन्हा खानापूरच्या रस्त्यावर जावं लागलं. पहिल्या दिवशी पाऊस, दुसऱ्या दिवशी बस आली ती वेगळ्या रंगाची. तिसऱ्या दिवशी मिळाली. रविवारी काकूंना परत माडीवर बोलावलं, आवाज बंदच होता. बघून झाल्यावर त्या म्हणाल्या, पोरानं जाताना आईला एकदा तरी मागं वळून बघायला नको होतं का? तो शॉट अजून घ्यायचा राहिलाय.