मेल सर्व्हर परत उभा करताना पोर्ट २५, म्हणजे बाहेरची मेल येण्याचं दार, सगळ्यात शेवटी उघडा

बॅकअप जॉब रोज हिरवा दिसतो याचा अर्थ एवढाच, की फाइली कुठेतरी कॉपी झाल्या. त्यातून सर्व्हर उभा राहतो का, हे रिस्टोअर करून पाहिल्याशिवाय कळत नाही. ‘रेप्लिका आहे, कशाला काळजी?’ म्हणणाऱ्या सिनिअरचं या बाबतीत तरी ऐकू नका. चुकून उडवलेली मेल रेप्लिकावरूनही, म्हणजे मूळ सर्व्हरशी सतत जुळत राहणाऱ्या प्रतीवरूनही, लगेच उडते. फाइली कॉपी करणाऱ्या आरसिंकला ‘डिलीट’ (मुळात उडालेली फाइल प्रतीतूनही काढा) हा पर्याय लावून ठेवलेली एकच प्रतही तशीच: आजची चूक रात्री तिथे पोचते.

पुढचं सगळं पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा), डव्हकॉट (युजरला मेल दाखवणारा) आणि मेलडिर (दर मेलला वेगळी फाइल ठेवणारी रचना) धरून आहे. चालू मेलडिरची थेट कॉपी घेऊ नका. मेलबॉक्स उघडला की मेल ‘न्यू’ फोल्डरमधून ‘कर’ (cur) फोल्डरमध्ये जाते आणि वाचली की फाइलचं नावही बदलतं. आरसिंकने यादी केल्यावर असं झालं की ती फाइल त्या रात्रीच्या प्रतीत येतच नाही, आणि आरसिंक २४ हा कोड देऊन संपतो. आधी एलव्हीएम स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची गोठवलेली स्थिती) घ्या, त्यावरून कॉपी करा, मग तो काढून टाका. साध्या स्नॅपशॉटला दिलेली जागा भरली तर तो बाद होतो, म्हणून जागा सढळ द्या.

जागा वाचवायला ‘डव्हकॉट’ने सुरू होणाऱ्या सगळ्या फाइली वगळण्याचा शॉर्टकट महागात पडतो. मेलडिरच्या इंडेक्स फाइली पुन्हा बनतात, पण मेलचे क्रमांक ठेवणारी ‘डव्हकॉट-यूआयडीलिस्ट’ गेली की प्रत्येक मेलला नवा क्रमांक मिळतो. मग आयमॅप क्लायंट (सर्व्हरवरची मेल तिथेच ठेवून दाखवणारी ॲप) सगळं नव्याने उतरवतात, आणि मेल उतरवून घेणाऱ्या, पण सर्व्हरवरही ठेवणाऱ्या पॉप क्लायंटमध्ये प्रत्येक मेल दोनदा दिसते. ५ जीबीचे २०० मेलबॉक्स असतील तर एका सकाळी १ टीबीची ओढ. मेलडिरऐवजी एमडीबॉक्स (एका फाइलीत अनेक मेल ठेवणारी डव्हकॉटची रचना) वापरत असाल तर इंडेक्सलाही हात लावू नका. वाचलं-न वाचलं ही खूण तिथेच असते.

डीकिमची (बाहेर जाणाऱ्या मेलवर सही करणारी) खासगी की, टीएलएस (जोडणी कूटबद्ध करणारी) प्रमाणपत्रं, एलिअस (पर्यायी पत्ते) आणि युजरचा डेटाबेस हेही बॅकअपमध्ये हवेच.

आता खरा सापळा. सर्व्हर बंद पडला तरी येणारी मेल लगेच हरवत नाही. पाठवणारे सर्व्हर पुन्हापुन्हा प्रयत्न करतात; पोस्टफिक्स मुळात ५ दिवस मेल रांगेत ठेवतो. म्हणजे काही तास बंद राहणं परवडतं. घात होतो तो अर्धवट उभ्या केलेल्या सर्व्हरमुळे. युजरचा डेटाबेस बंद असेल तर पोस्टफिक्स ४५१ म्हणतो, म्हणजे ‘नंतर या’. पण डेटाबेस चालू आहे आणि रिकामा किंवा जुना आहे, तर तो ५५० म्हणतो: ‘असा युजर नाही’. हे कायमचं उत्तर आहे. समोरचा सर्व्हर प्रयत्न थांबवतो आणि मेल परत पाठवतो. काही मेलिंग यंत्रणा तो पत्ताच यादीतून काढतात. ही मेल तुमच्या कुठल्याही बॅकअपमध्ये नसते, कारण ती तुमच्याकडे आलीच नव्हती.

म्हणून फायरवॉलवर पोर्ट २५ बंद ठेवूनच कामाला लागा. आधी युजर डेटाबेस, मग मेलडिर, मग मालकी आणि परवानग्या, मग दोन-चार खात्यांत लॉगिन. पोर्ट उघडण्यापूर्वी पोस्टफिक्सच्या ‘सॉफ्ट_बाउन्स’ सेटिंगला ‘येस’ द्या, म्हणजे चुकूनही ५५० न जाता ४५०, म्हणजे ‘नंतर या’, जाईल. लॉगमध्ये नकार दिसेनासे झाले की हे सेटिंग काढा. विसरलात तर नको असलेली मेलही पुन्हापुन्हा दार ठोठावत राहते.

घाई करा म्हणून मागे कितीही लोक उभे असोत, हा क्रम सोडू नका. वेळेचा अंदाज आधीच सांगून ठेवा: १ जीबीपीएस नेटवर्कवर १ टीबीला कागदावर सव्वादोन तास लागतात, पण मेलडिरच्या लाखो बारीक फाइलींना कितीतरी जास्त.

सराव दर तीन महिन्यांनी करा, मात्र बाहेर न जाणाऱ्या वेगळ्या नेटवर्कवर. रिस्टोअर केलेल्या पोस्टफिक्सच्या रांगेत जुनी मेल असते, आणि इंटरनेट मिळताच तो ती लोकांना दुसऱ्यांदा पाठवतो.